सूतभर वाकडी

मी एक जुनी सरळपट्टी आहे, आणि मी वाकडी आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, त्यातलीच मी. पण माझं वाकडेपण फार नाही. सहा फुटांच्या लांबीत जेमतेम एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढा. एवढ्याशा वाकडेपणाने एका भल्या माणसाचं काय काय झालं, ते मला सांगायचं आहे. सांगताना मी मधेच इकडेतिकडे गेले तर सांभाळून घ्या. आता तो माझा स्वभावच झाला आहे.

खरं तर मी पलंग व्हायची होते. एका म्हाताऱ्या सुताराने, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, कुणाच्या तरी पलंगासाठी सागाचं लाकूड आणलं. गिऱ्हाइकाचा बेत फिरला आणि लाकूड माळ्यावर पडलं. तीन वर्षं मी तिथं वाळत होते. खालून रंध्याचा आवाज यायचा, ताज्या भुशाचा वास यायचा, पण तिथं नक्की काय चाललंय ते दिसायचं नाही. त्या तीन वर्षांत मला जी चौकशीची खोड लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

शेवटी उस्तादांनी मला खाली काढलं, बोटाने ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही आता हलायची नाही." चार दिवस रंधून त्यांनी माझी पट्टी केली आणि मग माझी परीक्षा घेतली. ती कशी घेतात ते ऐकून ठेवा, तुम्हालाही घरी करता येईल. एका फळीवर मला ठेवून त्यांनी माझ्या कडेने रेघ मारली. मग मला पालथी करून तीच कड त्याच रेघेला लावली आणि दुसरी रेघ मारली. पट्टी सरळ असेल तर दोन्ही रेघा एकावर एक बसतात. वाकडी असेल तर टोकांना जुळतात आणि मधे फाकतात. माझ्या दोन रेघांची एकच रेघ झाली. उस्तादांनी त्या कडेजवळ तापल्या खिळ्याने तीन ठिपके डागले. ती त्यांची खूण.

त्यांच्याकडे शिकून तयार झालेला एक तरुण सुतार तेव्हा स्वतःचं दुकान काढायला निघाला होता. उस्तादांनी मला त्याच्या हातात दिलं. "बाकीची हत्यारं तू विकत घेशील," ते म्हणाले. "ही माझ्याकडून. ही तुझ्याशी कधी खोटं बोलणार नाही."

तो तरुण म्हणजे माझे मिस्त्री. त्यांच्याकडे मी तीस वर्षं काम केलं.

मिस्त्री म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. घरातून दुकानात, दुकानातून घरी. वाट वाकडी करून कुणाकडे डोकावणं नाही, पारावर बसणं नाही. काम करायचे ते फक्त दारांचं आणि खिडक्यांचं. कुणी गोल टेबल करून मागितलं की म्हणायचे, "गोल काम माझ्याकडे होत नाही. दाराला चार बाजू, चार कोपरे. त्यात वाद नाही." त्यांच्या दाराच्या फटीतून मुंगी जायची नाही असं लोक म्हणत. ते ऐकून मिस्त्री नुसतं हूं करायचे, पण मी मात्र खुंटीवर फुगायची. तारीफ दाराची व्हायची, आणि दाराची प्रत्येक बाजू माझ्या कडेने आखलेली असायची.

एक गोष्ट मात्र मनात राहायची. रेघ माझ्या टोकाशी येऊन संपायची. ती तशीच पुढे गेली असती तर कुठं पोचली असती? तयार दारं हातगाडीवर चढून निघून जायची. ती कुठं बसली, उघडल्यावर पलीकडे काय दिसतं, हे मला कधी कळलं नाही. सरळ चालणाऱ्यांना बहुतेक हे प्रश्न पडत नसावेत. मला पडायचे, आणि खुंटीवरून उतरून विचारायला जायची सोय नव्हती.

मग एका वर्षी दुकानाला चुना द्यायचं ठरलं. रंगारी आला. बोलका, शीळ घालणारा, मनाने चांगला माणूस. त्याने सगळी हत्यारं बाहेर अंगणात काढली. मला त्याने दोन विटांवर कडेवर उभी केली, आणि चुन्यात भिजलेली गोणपाटं वाळत घालायला जागा हवी म्हणून ती माझ्यावर टाकली. आठ दिवस मी तशीच होते. लाकडात पाणी शिरतं तेव्हा गुदगुल्या होतात मित्रांनो. मला धोका कळायला हवा होता. पण खरं सांगते, मला मजा येत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गल्ली बघत होते. कोण कुणाशी बोलतं, कोण बोलत नाही, कुत्रं कुठल्या दाराशी जाऊन शेपूट हलवतं, हे बघता बघता आठ दिवस कसे गेले कळलंच नाही. नवव्या दिवशी रंगाऱ्याने मला पुसून, झटकून, अगदी अदबीने खुंटीला लावलं. ऊन लागून मी वाळले होते. वाळताना सूतभर वाकले होते.

मला ते कळलं होतं. पण मला तोंड नव्हतं.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या नव्या इमारतीचं काम आलं. बावीस दारं, प्रत्येक दाराला दोन फळ्या, मधे मिटणाऱ्या. मिस्त्रींनी एकूण एक फळी माझ्या ठिपक्यांच्या कडेने आखली आणि कापली. दारं बसवली, मिटली, आणि प्रत्येक दाराच्या दोन फळ्या वर टेकल्या, खाली टेकल्या, मधे मात्र उजेडाची बारीक चीर राहिली.

मुख्याध्यापिका बाई सभ्य होत्या. त्यांनी तक्रार अशी केलीच नाही. "मिस्त्री, दारं छान आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त तास चालू असताना अर्धा वर्ग त्या फटीला डोळा लावून बसतो. बाहेर काय चाललंय ते बघत."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी एक फळी काढली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली. कड वाकडी दिसली. मग त्यांनी मला त्या कडेला लावून बघितलं. मी बरोब्बर बसले, केसभरही जागा नाही. बसणारच, त्या कडेचं वाकडेपण माझंच होतं. डोळा म्हणत होता वाकडं आहे, मी म्हणत होते सरळ आहे. मिस्त्रींनी तीन फळ्या तपासल्या आणि खाली बसले.

"डोळा गेला माझा," ते स्वतःशी म्हणाले.

मला तपासावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. एक तर मी उस्तादांची. दुसरं म्हणजे काम बिघडल्यावर हत्याराला नावं ठेवणाऱ्यांची त्यांना चीड होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ते दुसऱ्या सुतारांच्या बाबतीत उठताबसता वापरायचे. आता एकदा खरोखरच अंगण वाकडं निघालं होतं, तर ते बघायची त्यांना लाज वाटत होती.

तसेच ते शाळेतून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मी त्यांच्या काखेत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी स्वतः कळसा होऊन पाहिला आहे. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. मिस्त्रींनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.

"तुमचे डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले.

"अक्षरं दिसतात हो," मिस्त्री म्हणाले. "सरळ दिसत नाही."

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं. मिस्त्रींनी घरी येऊन पटाश्या तेल लावून गुंडाळल्या, करवतीला कापड बांधलं आणि दुकानाला कडी घातली. तीस वर्षं ज्या माणसाला सरळ म्हणजे काय हे झोपेतही सांगता आलं असतं, तो आता चहाचा कप नीट ठेवला का, म्हणून दोनदा बघायला लागला. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

घरात त्यांची सून होती. ती शिवणकाम करायची, आणि तिचं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी असायचं. मुलगा बस चालवायचा, त्यामुळे दिवसभर घरात सासरे-सून दोघंच. ती बोलायला फटकळ, पण सासऱ्यांवर तिचा जीव होता. नदीवरचा नावाडी तिच्याकडे सदरा शिवायला यायचा. एकदा माप देता देता त्याने मिस्त्रींना कोपऱ्यात बसलेलं पाहिलं.

"मिस्त्री, रिकामे बसलाय तर मला होडी बांधून द्या," तो म्हणाला. "माझ्या होडीत आता पाणी शिरतंय. होडी बांधणारे सगळे गेले."

"मला डोळ्यांनी सरळ दिसत नाही," मिस्त्री म्हणाले.

"मग तर बरंच झालं. होडीत सरळ काही नसतंच. तुमचं चुकलं तरी कुणाला कळतंय?"

सुनेने त्याला टाचणी टोचली, चुकून की मुद्दाम कोण जाणे. मिस्त्रींना ते बोलणं लागलं. चौथ्या दिवशी पटाश्यांची गुंडाळी काखेला मारून नदीवर गेले. मला सवयीने सोबत घेतलं आणि नावाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका खिळ्याला टांगलं.

तिथं मला काम नव्हतं. सहा महिने मी नुसती बघत होते, आणि मित्रांनो, इतकं बघण्यासारखं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. जुनी होडी शेजारी पालथी घालून ते तिची मापं घ्यायचे. फळीवर ओलं गोणपाट टाकून तिला खालून विस्तवाची धग द्यायचे आणि दोघं मिळून ती हळूहळू वाकवायचे. पहिल्या चार फळ्या मोडल्या. पाचवी वाकली, आणि मिस्त्री तिच्याकडे असे बघत राहिले, जसं काही लाकूड म्हणजे काय हे त्यांना आत्ताच कळलं होतं. डोळ्यांवर भरवसा नसल्यामुळे ते डोळे मिटून फळीवरून तळहात फिरवायचे. उंचवटा हाताला लागला की तेवढाच रंधायचे. हाताने बघायला ते अशा रीतीने साठीत शिकले.

त्यांच्यात फरक पडत गेला. नाकासमोर चालणारा माणूस प्रश्न विचारायला लागला. होडीचं नाक वर का, बूड गोल का, एवढं वाकल्यावर पाण्याला काय वाटत असेल? नावाडी एकदा त्यांना जुन्या होडीतून पलीकडे घेऊन गेला. परत आल्यावर मिस्त्री किती तरी वेळ तेच सांगत होते. "समोरचा धक्का गाठायचा तर हा होडी वरच्या अंगाला रोखतो. मी म्हटलं सरळ घे की. तर म्हणतो, सरळ घेतली तर प्रवाह खाली नेऊन टाकेल, धक्का राहील बाजूला." हे सांगताना ते हसत होते. घरी जाताना आता ते नदीकाठाने लांबून जायचे. कोण जाळी विणतंय, कोण गुरं धुतंय, बघत बघत. मला त्यांचा हेवा वाटायचा.

होडी होत आली. नावाड्याला तिच्यावर कापडी छत हवं होतं. ते शिवायचं काम अर्थातच सुनेकडे. जाड कापडाच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींना जोडायच्या होत्या. तिने शेडमध्ये सतरंजी अंथरून कापड पसरलं, खिळ्यावरून मला काढलं, माझ्या ठिपक्यांच्या कडेने खडूने आखलं आणि कापलं. मग दोन्ही पट्ट्यांच्या कडा जोडून ठेवल्या. टोकांना जुळल्या, मधे फट.

तिने पुन्हा आखलं, पुन्हा कापलं. पुन्हा फट.

आता इथे तिच्यात आणि तिच्या सासऱ्यांत काय फरक होता बघा. ती स्वतःशी म्हणाली, "माझी कात्री चुकायची नाही. अंगणच वाकडं असेल." तिने मला उचललं, जमिनीवर ठेवून रेघ मारली, पालथं केलं आणि दुसरी रेघ मारली. दोन रेघा टोकांना मिळाल्या आणि मधे फाकल्या. उघड्या डोळ्याएवढ्या नाही, पण डोळ्याला दिसतील एवढ्या.

"काय गं बाई," ती मला हळूच म्हणाली, "केलंस काय हे?"

ती लगेच उठली नाही. कापडाची घडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मिस्त्री बाहेर होडीच्या सांध्यांत डांबर भरत होते आणि शीळ घालत होते. वर्षभराचं दुःख एका वाकड्या पट्टीमुळे झालं, हे ऐकून ते हसतील की कोसळतील, ते तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. सांगितलं नाही तर ते मरेपर्यंत आपला डोळा गेला असंच समजणार. सांगितलं तर उस्तादांवरचा विश्वास जाणार. शेवटी तिने तोंडाने काहीच सांगितलं नाही. मला आणि एक पेन्सिल घेऊन ती बाहेर गेली.

"बाबा, हात पुसा आणि या फळीवर दोन रेघा मारा. एक अशी, एक पट्टी पालथी करून."

"कशाला?"

"मारा तर."

मिस्त्रींनी एक रेघ मारली. मला पालथी करताना त्यांचा हात जरा थांबला. मग दुसरी मारली, मला बाजूला ठेवलं आणि फळीकडे बघत राहिले. एक डोळा मिटून बघितलं, दोन्ही उघडे ठेवून बघितलं. मधल्या फटीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मला दिसत होतं," ते म्हणाले.

"दिसत होतं, बाबा."

"पहिल्या दारापासून दिसत होतं."

ते फळीवर बसले आणि रडले. सून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. नावाडी काही तरी विचारायला आला होता, तो तसाच मागे फिरला. मी खाली मातीत पडले होते आणि माझा शेवट आला असं धरून चालले होते. शेजारीच विस्तव होता. सहा फूट सागवान चांगलं जळतं.

मिस्त्रींनी मला उचललं. तीन ठिपक्यांवरची माती पुसली. "हिची चूक नाही," ते म्हणाले. "उस्तादांचीही नाही. त्यांनी दिली तेव्हा ही सरळच होती. तीस वर्षांत मी एकदा पालथी करून बघितली नाही." आणि मग, डोळे अजून ओले असताना, ते हसायला लागले. "डॉक्टरांना काय सांगत होतो मी. अक्षरं दिसतात, सरळ दिसत नाही!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शाळेची दारं उतरवून नीट करायला घेतली. नऊ दिवस लागले. एकवीस दारं झाली तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "पहिलीच्या वर्गाचं तेवढं राहू द्या. पोरं रडतील." मग त्यांनी शाळेच्या नव्या सभागृहाचं काम पुढे केलं. चाळीस खिडक्या, सहा मोठी दारं. मिस्त्रींची जुनी, सरळ वाट पुन्हा समोर उघडी होती. मी श्वास रोखून ऐकत होते.

"ते दुसऱ्या कुणाला द्या बाई," मिस्त्री म्हणाले. "मला होड्या बांधायच्यात. पलीकडच्या काठावरून दोघं जण विचारून गेलेत."

"पण डोळे तर आता चांगले आहेत ना तुमचे?"

"चांगले आहेत म्हणून तर. वाकलेलं नीट बघायला डोळे जास्त चांगले लागतात. तुमचा जो कोणी सुतार येईल त्याला फक्त एवढं सांगा, पट्टी आधी पालथी करून बघ म्हणावं."

आणि माझं काय झालं? होडीत बसायच्या फळीला मधे किंचित फुगवटा लागतो, म्हणजे पाणी साचत नाही, दोन्ही बाजूंनी ओघळून जातं. तो फुगवटा किती? सूतभर. मिस्त्रींनी मला त्या फळीवर लावून बघितलं आणि जीभ टाळूला लावून टक् केलं. तेव्हापासून या काठावरच्या प्रत्येक होडीतली बसायची फळी माझ्या कडेने आखली जाते. एकदा तर मला होडीत घालून पलीकडे नेलं. रेघ संपल्यावर पुढे काय असतं ते मी पाहून आले. तिथंही माणसं असतात, ती वाळूत बसून होडीची वाट बघत असतात.

मित्रांनो, आम्हा पट्ट्यांना उभं टांगत जा. आमच्यावर ओली गोणपाटं टाकू नका. ज्या पट्टीवर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, तिला वर्षातून एकदा पालथी करून बघा, आणि ती चुकली असली तरी लगेच विस्तवात घालू नका. आणि स्वतःचा डोळा काही सांगत असेल तर त्याचंही थोडं ऐका, आमच्या भरवशावर त्याला खोटं पाडू नका.

मिस्त्रींनी परवा माझ्या ठिपक्यांशेजारी पेन्सिलीने ठळक अक्षरांत लिहिलं आहे, कुणा नवख्याची फसगत होऊ नये म्हणून: 'वाकडी आहे. सरळ कामाला घेऊ नये.' शेडमध्ये इतकी हत्यारं आहेत, पण आपल्याविषयी खरं काय ते अंगावर लिहून उभी असलेली मी एकटीच. मला त्याचा फार अभिमान वाटतो.